यंत्रास भरपाई, माणसास नारळ

देवळात मिळालेला नारळ आणि कारखान्यात मिळालेला नारळ यांतील अंतर मराठी भाषेने फार पूर्वीच ओळखले आहे. एक प्रसाद म्हणून घरी येतो; दुसरा हाती पडला की घरातील चूल विझते. येत्या दोन-तीन दशकांत कोळशावर पोट असणाऱ्या असंख्य माणसांना यांपैकी कोणता नारळ द्यावयाचा, या प्रश्नाचा निकाल लागणार आहे. तो ज्या रीतीने लागू पाहत आहे ती रीत आम्हांस मान्य नाही, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ती मान्य आहे असे दिसते, म्हणून हे चार शब्द लिहिणे भाग पडले.

अळणावरसारख्या आडबाजूच्या गावाचा कोळशाशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्याने आमच्या स्टेशनवर तासभर उभे राहावे. मुरगावच्या बंदरात उतरलेला परदेशी कोळसा कुळें, कॅसलरॉक, लोंढा करीत याच मार्गाने बळ्ळारीकडच्या पोलादाच्या भट्ट्यांकडे जातो. वाघिणींची रांग संपता संपत नाही. ती धूळ खाऊ नये म्हणून गोव्यातील लोकांनी मोले येथे आंदोलन केले, आणि कॅसलरॉक ते कुळें या टप्प्याच्या दुपदरीकरणास वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. हा निकाल योग्य होता असे आमचे मत तेव्हाही होते व आजही आहे. कोळसा जावा, या पक्षाचे आम्ही आहोत, हे प्रारंभीच नोंदवून ठेवतो. कारण पुढील मजकूर वाचून कोणी आम्हांस कोळशाचा वकील ठरवील अशी भीती आहे.

आमचे भांडण दोन प्रकारच्या लोकांशी आहे. पहिला वर्ग सुशिक्षित, सुस्थित आणि बहुधा शहरवासी. घराच्या किंवा देवस्थानाच्या छपरावर सोलर पॅनेल बसले की आपण पापमुक्त झालो अशी त्याची समजूत असते. कोळशाची केंद्रे उद्या बंद करा असे तो बजावतो. तेथील कामगारांचे काय, असे विचारले तर ‘दुसरे काम शोधतील’ एवढेच त्याच्यापाशी उत्तर असते. दुसरा वर्ग याहून चतुर आहे. त्याला कामगारांचा कळवळा फक्त केंद्र बंद करण्याची भाषा निघाली की येतो. एरवी त्याच कामगाराला वर्षानुवर्षे ठेकेदाराच्या हाताखाली ठेवताना, त्याच्या छातीत राख भरताना हा कळवळा कोठे असतो, कोणास ठाऊक! पहिला वर्ग कामगारास विसरतो, दुसरा त्याला ढालीसारखा पुढे करतो. परिणाम दोहोंचा एकच होतो: बंद करण्याच्या दिवसाची तयारी कोणीही करीत नाही.

तयारी करता येत नाही असे मात्र नव्हे. त्याचे उदाहरण शोधायला विलायतेला जाण्याची गरज नाही. ते आमच्याच रुळांवर घडले. वाफेचे इंजिन हे एके काळी या देशातील कोळशाचे मोठे गिऱ्हाईक होते. १९७२ साली चित्तरंजनच्या कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले, आणि रुंदमापी मार्गावरील शेवटची वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरात धावली. म्हणजे निर्णयापासून शेवटापर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात भट्टीत कोळसा ओतणारा फायरमन उपाशी मेला नाही. त्याला नवे शिक्षण देण्यात आले, त्याचा हुद्दा बदलून तो डिझेलच्या किंवा विजेच्या इंजिनावर सहायक म्हणून चढला, आणि पुढे ड्रायव्हर होऊन निवृत्तिवेतन घेऊन घरी गेला. अळणावर, लोंढा, हुबळी या पट्ट्यात अशी कुटुंबे आजही आहेत. त्यांच्या नातवंडांस आजोबांची नोकरी ‘गेली’ होती हे ठाऊकही नाही. इंधन गेले, माणूस राहिला.

हे रेल्वेच्या दयाळूपणामुळे घडले असे समजण्याचे कारण नाही. फायरमन कायम नोकर होता, त्याचे नाव सेवापुस्तकात होते, त्याच्या पाठीशी संघटना होती. याच्या उलट, कोळशाचे ढीग उपसणारे, राख वाहणारे जे ठेक्यावरचे हात होते, आणि रुळांच्या कडेला अर्धवट जळालेले निखारे वेचून विकणाऱ्या ज्या बाया होत्या, त्यांच्यासाठी कोणते शिक्षण, कोणता हुद्दा? त्यांची नोंद कोठे नव्हती, म्हणून त्यांचे जाणेही कोठे नोंदले गेले नाही. एकाच भट्टीच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकास निवृत्तिवेतन आणि दुसऱ्यास काही नाही. या दोहोंत फरक घामाचा नव्हता, कागदाचा होता.

आमचा व्यवसाय कागदाचा असल्यामुळे या कागदाविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

औष्णिक वीज केंद्र उभे राहते तेव्हा वीज खरेदीचा करार होतो. त्याची मुदत साधारणतः पंचवीस वर्षांची असते, आणि त्यात दोन आकार असतात: एक इंधनाचा, दुसरा स्थिर. केंद्र वीज देण्यास सज्ज असेल, तर त्याच्याकडून एक युनिटही घेतले नाही तरी हा स्थिर आकार द्यावा लागतो. त्यात यंत्राचा घसारा आहे, कर्जाचे व्याज आहे, भांडवलावरचा नफा आहे. आणि हे सर्व अखेर आपल्या वीजबिलातून वसूल होते. उद्या सूर्याची वीज स्वस्त झाली व कोळशाचा संच थंड पडून राहिला, तरी त्या संचाचे पोट भरण्याची हमी कायद्याने घेतलेली आहे. त्याच संचाखाली कोळशाचा पट्टा साफ करणाऱ्या ठेकेदाराच्या मजुरास मात्र संच ज्या दिवशी थंड पडेल त्याच दिवशी नारळ मिळतो. लोखंडाला पंचवीस वर्षांची हमी आणि माणसाला पंचवीस दिवसांचीही नाही! हा कोणत्या शास्त्रातला न्याय?

कोणी म्हणेल, यंत्रात भांडवल गुंतले आहे, त्याची भरपाई नको का? अवश्य द्या. आपल्या राज्यव्यवस्थेने मालकास भरपाई देण्यात कधीच कुचराई केलेली नाही. धारवाड जिल्हा मुंबई राज्यात असताना, १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने आणि १९५२ साली जातइनामे रद्द करणारे कायदे झाले. त्यांत भरपाईची कलमे होती, आणि आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी त्या वेळचे कागद अजून जपून ठेवलेले असतील. उत्तरेत जमीनदारी गेली तेव्हा जमीनदारांस रोखे मिळाले. संस्थानिकांचे तनखे तर संविधानात लिहिले गेले व १९७१ पर्यंत चालले. १९७३ साली कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या झाल्या, तेव्हा कोणत्या खाणमालकास किती रक्कम द्यावयाची याची यादीच कायद्यास जोडलेली होती. सार्वजनिक हितासाठी एखाद्याचा हक्क काढून घेतला तर त्याचे मोल द्यावे, हे तत्त्व आपण वतनदार, जमीनदार, राजे आणि खाणमालक या सर्वांना लागू केले. ते खाणीत उतरणाऱ्याला लागू करण्याची वेळ आली, की एकाएकी तिजोरी रिकामी असल्याचे आढळते.

कामगारास कायद्याने काहीच मिळत नाही, असे आमचे म्हणणे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कारखाना बंद झाल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार देण्याची तरतूद होती. तिच्याच बरोबर, बंद होण्याचे कारण मालकाच्या हाताबाहेरचे असेल तर ही रक्कम तीन महिन्यांच्या पगारापलीकडे जाऊ नये, अशी मर्यादाही होती. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने तत्त्वतः हाच सांगाडा कायम ठेवला आहे. शिवाय बंद करण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागणाऱ्या कारखान्यांची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे. काढलेल्या कामगाराच्या नव्या शिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांचा पगार एका निधीत भरावा, असे एक नवे कलम तीत आहे. पंधरा दिवसांच्या पगारात कोणती नवी विद्या येते? आमच्याकडे मुंजीची तयारीही त्याहून अधिक दिवस चालते. आणि ही सगळी कलमे ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याच्यापुरती. कोळशाच्या ट्रकचा चालक, क्लीनर, केंद्राच्या दारावरचा खानावळवाला, राखेच्या विटा पाडणारा भट्टीवाला, हे कायद्याच्या दृष्टीने त्या उद्योगाचे कोणीच नव्हेत.

न्यायालये या बाबतीत कायद्यापेक्षा पुढे गेलेली आहेत, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. जुलै १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ धोकादायक कारखाने शहराबाहेर घालविण्याचा आदेश दिला, तेव्हा जे मालक दुसरीकडे कारखाना हलविणार नाहीत त्यांच्या कामगारांस कायदेशीर भरपाईखेरीज सहा वर्षांचे वेतन द्यावे, असे त्याच वर्षी पुढील आदेशात ठरविले. पर्यावरणाचा दावा चालला असता कामगाराच्या पोटाचा विचार त्याच निकालात होऊ शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे १९८५ सालीच मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात मान्य झाले होते; आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्कही संविधानात अनुस्यूत आहे, असे मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले. हे दोन्ही हक्क एकाच अनुच्छेद २१ च्या पोटचे आहेत. एका भावाने दुसऱ्याचा गळा धरावा असे त्या अनुच्छेदात कोठेही लिहिलेले नाही.

आता गोव्याकडे पाहू. आमच्या कोंकणी वाचकांस ही हकिगत तोंडपाठ आहे, पण तिच्यातला एक धागा सहसा कोणी ओढून पाहत नाही. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी आधी राज्य सरकारने व मग सर्वोच्च न्यायालयाने थांबविल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, विक्रीच्या दहा टक्के रकमेचा एक कायमचा निधी उभारण्यास सांगितले, आणि बंदीच्या काळात कामगारांस मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी रक्कम द्यावी असे पट्टेदारांना फर्माविले. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले व मार्चच्या मध्यास खाणी पुन्हा थांबल्या. खाणी नियमबाह्य होत्या, डोंगर कुरतडले गेले होते, न्यायालयाने जे केले ते करणे भाग होते. पण निम्मे वेतन कोणाला? हजेरीपटावरच्या कामगाराला. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत कर्ज काढून ट्रक घेतलेला मनुष्य, मांडवी-जुवारीतील बार्जवरचा खलाशी, रस्त्याकडेचा गॅरेजवाला यांना सरकारच्या मदतीच्या योजनांकडे डोळे लावून बसावे लागले. योजना ही सरकारची मर्जी असते. हक्क ही वेगळी वस्तू आहे. हा फरक वकील नसलेल्यालाही बँकेची नोटीस घरी आल्यावर चांगला कळतो.

आयर्लंडमध्ये याच वर्षांत एक प्रयोग झाला, तो येथे सांगण्यासारखा आहे. त्या देशात कोळसा थोडा. पण दलदलीत हजारो वर्षे साचलेल्या वनस्पतींचा काळा थर, ज्याला पीट म्हणतात, तो मुबलक. १९४६ साली स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी मंडळाने तो उकरावा, वीज केंद्रांनी तो जाळावा आणि मध्य आयर्लंडमधील गावेच्या गावे त्यावर जगावीत, असा पाऊणशे वर्षांचा संसार होता. जुलै २०१९ मध्ये शॅननब्रिजच्या केंद्रास पुढील परवानगी नाकारण्यात आली. डिसेंबर २०२० मध्ये ते व लेन्सबरोचे, अशी दोन्ही केंद्रे बंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये मंडळाने पीट काढणे कायमचे थांबविल्याचे जाहीर केले. आणि एडनडेरीचे अखेरचे केंद्र २०२३ च्या शेवटास पीट सोडून केवळ लाकूडफाट्यावर गेले. सरकारने किअरन मल्व्ही यांस या स्थित्यंतरासाठी आयुक्त नेमले, निधी उभारला, आणि एक गोष्ट फार शहाणपणाची केली: उकरून उजाड झालेल्या दलदली पुन्हा पाण्याखाली आणून जिवंत करण्याचे काम काढले व त्यावर पीट काढणारेच हात लावले. ज्याने जमीन ओरबाडली त्यानेच ती बुजवावी, आणि त्याचा पगार मिळावा. अर्थात तेथेही सर्व सुरळीत झाले नाही; परवानगी नाकारल्यापासून कुलूप लागेपर्यंत दीड वर्षही मिळाले नाही, आणि पैसा माणसांच्या मागून आला. लहानशा, श्रीमंत, सुसंघटित देशाची ही कथा. चंद्रपूरचे काय होईल?

चंद्रपूरचे नाव आम्ही सहज घेतले नाही. तेथील महाकालीच्या चैत्री यात्रेस मराठवाड्यातून व तेलंगणातून माणसे लोटतात, आणि त्याच देवीच्या नावाची कोळशाची खाण त्याच शहरात आहे. शहराच्या उशाला २९२० मेगावॉटचे महानिर्मितीचे केंद्र. भोवती घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, दुर्गापूर येथील खाणी. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने या शहराची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली. दुसरे उदाहरण परळीचे. वैजनाथाच्या ज्योतिर्लिंगाला जाणाऱ्या भाविकास चिमण्यांचे दर्शन चुकत नाही. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावे लागले होते. आणि जुने संच गेल्यावर तेथे आता अडीचशे मेगावॉटचे तीनच संच उरले आहेत. एकलहऱ्याला, नाशिकजवळ, जुने दोन संच गेले, जागी नवा ६६० मेगावॉटचा संच येणार म्हणून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. तेथील माणसे नवा कोळशाचा संच मागतात, याचे शहरी पर्यावरणवाद्यांस नवल वाटते. आम्हांस वाटत नाही. बुडत्यास होडी दाखविली नाही, तर तो ओंडक्याला मिठी मारणारच.

पैसा कोठून आणावा, हा प्रश्न आता पुढे येईल. पैसा होता. २०१० पासून कोळशाच्या प्रत्येक टनावर स्वच्छ ऊर्जेच्या नावाने उपकर बसविण्यात आला. पन्नास रुपयांपासून चढत चढत तो २०१६ मध्ये चारशेवर गेला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांची महसुली तूट भरून काढण्याकडे वळविण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही संपला आणि कोळशावरील कर पाचावरून अठरा टक्क्यांवर गेला. कोळशाच्या धुराचे प्रायश्चित्त म्हणून घेतलेली दक्षिणा यजमानाने घरखर्चास वापरली, असे एखाद्या पुरोहितास म्हणावेसे वाटले तर त्यास दोष देता येणार नाही. दुसरा निधी जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा. २०१५ च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला. खाणींमुळे बाधित झालेल्या व्यक्तींचे व प्रदेशांचे हित हाच त्याचा हेतू कायद्यात लिहिलेला आहे. पण तो स्वामित्वशुल्काच्या प्रमाणात भरतो. खाण चालू असेतो निधीत पैसा येतो आणि त्यातून रस्ते, इमारती होतात. खाण बंद झाली की शुल्क थांबते व निधीही आटतो. घागर नेमकी आग लागण्याच्या दिवशी रिकामी होईल अशीच ही योजना आहे. यातील ठरावीक वाटा गोव्याच्या कायम निधीप्रमाणे हात न लावता बाजूस ठेवावा, आणि तो कामगारांच्या पुढच्या उपजीविकेसाठीच वापरावा, एवढा नियम करण्यास कोणाची आडकाठी आहे?

जमिनीचेही असेच. मुंबईच्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. गिरण्या पुढे बसल्या, जमिनीला सोन्याचे मोल आले. १९९१ च्या नियमांनी या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते. २००१ साली ते वाटे केवळ मोकळ्या जागेपुरते उरले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. आज तेथे काचेचे मनोरे आहेत. घरासाठी अर्ज भरलेल्या कामगारांपैकी पुष्कळ वाट पाहत वारले व त्यांची मुले वाट पाहत आहेत. वीज केंद्रांखाली, राखेच्या तळ्यांखाली, खाणींभोवती हजारो एकर जमीन आहे. ती कोणा शेतकऱ्याची होती. केंद्र मोडीत निघेल तेव्हा तिचा सौदा कोण करणार, हे आज ठरले नाही तर गिरणगाव पुन्हा घडेल.

आमच्या भागातील वाचकांस हे सारे दूरचे वाटू नये. कोळशाला पर्याय म्हणून जी जलविद्युत आली तिचे मोल आमच्या शेजाऱ्यांनीच दिले. काळी नदीवर सुप्याचे धरण झाले, सुपा गाव पाण्यात गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली, आणि कोंकणी-मराठी बोलणारी विस्थापित कुटुंबे रामनगरला येऊन वसली. ती वीज स्वच्छ होती. त्या कुटुंबांच्या अंधाराने ती स्वच्छ झाली होती. दांडेलीच्या जंगलातील तोड थांबली, व्याघ्र प्रकल्प झाला, हेही इष्टच. पण लाकडाच्या वखारींवर जगणाऱ्या अळणावर-दांडेलीच्या हमालास त्या इष्टतेतून काय मिळाले? त्याचा नातू आज पर्यटकांच्या जीपा चालवितो म्हणतात. चालवीत असेल; मधल्या पिढीने काय खाल्ले, ते त्याला विचारावे.

आमच्या कोंकणीत ‘आमगेले’ आणि ‘तांगेले’ असे दोन गोड शब्द आहेत, आणि आमचा समाज या दोन शब्दांवर बराच चालतो. विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती, विधवांस साहाय्य, रुग्णांस मदत असे आमचे मठ व देवस्थाने ‘आमगेल्यां’साठी किती करतात, हे आम्ही जाणतो. कोळशाच्या पट्ट्यावरचा मजूर ‘तांगेलो’ आहे, म्हणून त्याच्या बाबतीत आपले मन स्वस्थ राहते. पण देवळातील समई ज्या विजेने उजळते ती वीज तोच पाठवीत आला आहे. नंदादीपाच्या तेलासाठी तेल्यास इनाम देणारी आपली परंपरा. दिवा विजेचा झाला तेव्हा त्या तेल्याचे पुढे काय झाले, याची नोंद किती देवस्थानांच्या दप्तरात आहे, ते महाजनांनी एकदा पाहावे.

२०२३ मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०३० पर्यंत जुने कोळशाचे संच मोडीत काढू नयेत असा सल्ला दिला. ही मुदत म्हणजे कोळशाला मिळालेले जीवदान आहे असे समजून एक पक्ष आनंदला, दुसरा खवळला. आमच्या मते ही कामाची मुदत आहे, आणि पहिले काम अगदी साधे, कारकुनी स्वरूपाचे आहे. प्रत्येक केंद्र, प्रत्येक खाण आणि त्यांचे सर्व ठेकेदार यांच्याकडील हजेरीपट जिल्हाधिकाऱ्यांनी मागवावेत. ग्रामपंचायतींनी ट्रकवाले, वीटभट्टीवाले, खानावळवाले, राख वाहणारे यांची यादी करावी. ती चावडीवर लावावी, हरकती मागवाव्यात, दुरुस्त करावी आणि सही-शिक्क्यानिशी प्रसिद्ध करावी. जमिनीची मोजणी करताना हे सर्व आपण करतोच. भरपाई किती, शिक्षण कोणते, जमीन कोणाची, हे वाद पुढे दहा वर्षे न्यायालयात चालतील, चालोत. परंतु त्या दिवशी वकील उभा राहील तेव्हा त्याच्या हातात नावे असली पाहिजेत. गोव्यात ज्यांचे नाव पटावर नव्हते त्यांना निम्मे वेतनही मिळाले नाही, आणि आमच्या रुळांकडेच्या निखारे वेचणाऱ्या बायांना तर नावच नव्हते.